सारजामावशीचे गुडघे

आमच्या चर्चच्या मागे, दगडी भिंतीला लागून, आठ खोल्यांची चाळ होती. पहिल्या खोलीत आम्ही राहत होतो आणि तिसऱ्या खोलीत सारजामावशी. मी लग्न होऊन पुण्याहून सोलापूरला आले ती १९२८ च्या जूनमध्ये. माझे यजमान मिशनच्या शाळेत मास्तर होते, म्हणून चाळीतल्या बायका पहिल्या दिवसापासून मला मास्तरीणबाई म्हणू लागल्या. मी एकवीस वर्षांची होते आणि ननांच्या शाळेत शिकलेली. इथली बोली मला निम्मीच कळत असे. पहिल्याच संध्याकाळी मावशी तव्यावरची भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन दारात उभी राहिली.

"पुन्याच्या पोरी भाकरी खात्यात, का नुसता पावच?"

मी भाकरी खाल्ली. चटणीने डोळ्यांतून पाणी आले. मावशी दाराच्या चौकटीला धरून पोटभर हसली आणि मग स्वतःच गूळ आणायला धावली.

ती गिरणीत कांड्या भरायच्या खात्यात कामाला होती. मोठ्या गुंडीवरचे सूत फिरत फिरत लहान लहान कांड्यांवर चढते. मध्येच धागा तुटतो. तुटलेला धागा दिसला की चटकन पकडून गाठ मारायची, हे तिचे काम. वीस वर्षे तिने तेच केले होते. नवरा आप्पा त्याच गिरणीत होता, तो इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला. मूल नव्हते. नवऱ्याचा पुतण्या रावजी टेंभुर्णीजवळ शेती करत असे. तो वर्षातून दोनदा ज्वारी घेऊन येई आणि दर वेळी म्हणे, "काकी, आता चल की तिकडं." मावशी दर वेळी त्याला जेवू घाली आणि परत पाठवी. तिची ती एक खोली, चुलीशेजारचा पत्र्याचा डबा, भिंतीवरचा क्रूस आणि गिरणीची वाट, एवढे तिचे राज्य होते. ते सोडून कोणाच्या घरात कोपऱ्यात बसून भाकरी खायची तिची तयारी नव्हती.

तिच्या गुडघ्यांबद्दल सांगायचे तर तिच्या लहानपणापासून सांगावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा माढ्याकडच्या एका खेड्यातून तिला कोणीतरी मिशनच्या अनाथाश्रमात आणून सोडले. वय असेल आठ-नऊ. तिथे दीडशे मुली चटयांवर झोपत. पहाटे घंटा झाली की प्रत्येकीने चटईवरून उठून तिथल्या तिथे गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचे आणि प्रार्थना करायची. पहिल्या ठोक्याला जिचे गुडघे जमिनीवर नसतील तिला त्या दिवशी गूळ नाही. "गुळासाटी टेकायला लागले," मावशी सांगायची, "मग देवासाटी कवा टेकायला लागले ते माजं मलाच कळलं न्हाय."

पुढे घंटेची जागा गिरणीच्या भोंग्याने घेतली. सोलापुरात पहाटे पहिला भोंगा झाला की सारे गाव कूस बदलते. मावशीचे गुडघे तेव्हा जमिनीवर असत. डोळे उघडायच्या आधी. उन्हाळ्यात आम्ही सगळे चाळीच्या ओट्यावर झोपत असू, तेव्हा मी हे स्वतः पाहिले आहे. भोंगा सुरू होई आणि तो संपायच्या आत तिचे कपाळ फरशीला लागलेले असे. ती त्या वेळी जागी असे की झोपेत, हे सांगणे कठीण होते. दोन-तीन मिनिटांनी ओठ हलू लागत, तेव्हा ती जागी झाली असे समजायचे.

१९३० नंतर तिला अंधुक दिसू लागले. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत उतरत होता, उजव्यात जास्त. आमच्या मिशनच्या लहानशा दवाखान्यात डॉक्टर चिंतामणी होते, नगरकडचे, बोलायला तुटक पण हाताने हलके. ते थंडीत डोळ्यांची ऑपरेशने करत. त्यांनी मावशीचा उजवा डोळा मंगळवारी, १७ नोव्हेंबर १९३१ रोजी केला. मी वहीत लिहून ठेवले आहे की ऑपरेशन उत्तम झाले आणि टेबलावरून खाटेवर उचलून नेताना मावशी डॉक्टरांना म्हणाली, "एवढंच व्हय? मला वाटलं कापनार हाय."

त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर टाके घालत नसत. डोळ्याची जखम आपोआप जुळायची. म्हणून दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि नऊ-दहा दिवस पाठीवर उताणे पडून राहणे. खोकायचे नाही, शिंकायचे नाही, चावायचे नाही. आणि काही झाले तरी वाकायचे नाही. डॉक्टरांनी हे सगळे मावशीला तीनदा सांगितले. तिने तीनदा मान हलवायला सुरुवात केली आणि तीनदा त्यांनी तिचे डोके धरले.

शुक्रवारी पहाटे पहिला भोंगा झाला. परिचारिका त्या वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका म्हातारीला पाणी पाजत होती. तिने वळून पाहिले तेव्हा मावशी पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी खाटेवरून खाली उतरलेली होती, गुडघ्यांवर होती आणि तिचे कपाळ जमिनीला लागलेले होते.

डोळ्यात रक्त उतरले. नंतर पू झाला. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितले की हा डोळा गेला. मावशीला ते त्यांनी स्वतःच सांगितले. तिने फक्त विचारले, "मीच केलं ना?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही झोपेत होता, बाई."

"मीच केलं," ती म्हणाली.

चाळीत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या खोलीतली बजाबाई मावशीच्याच खात्यात होती. जिभेला धार असलेली बाई. ती नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "देवाच्या पाया पडायला गेली आन डोळा देऊन आली. लई म्हागात पडली बया प्रार्थना!" बायका हसल्या. मावशी हंडा भरत होती. तिने हंडा उचलला आणि ती गेली.

पाळक मानसिंग समाचाराला आले. शांत, प्रेमळ गृहस्थ. ते म्हणाले, "सारजाबाई, ही प्रभूची इच्छा म्हणून स्वीकारा." मावशीने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "त्याची तशी इच्छा आसती, तर त्यानं आदी डोळा दिला कशाला, साहेब?" पाळकसाहेबांनी चहा संपवला. उत्तर ठाऊक असल्याचा आव त्यांनी आणला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

त्यानंतरची दीड-दोन वर्षे मी मावशीला रोज पाहत होते. भोंग्याला तिचे गुडघे अजूनही टेकत. त्यांना कोण थांबवणार? पण आता कपाळ जमिनीला लागले की ती दचकून जागी होई आणि तशीच उठे. ओठ हलत नसत. चर्चमध्ये ती येई, मागच्या चटईवर बसे, गीते म्हणे. मी एकदा धीर करून विचारले, "मावशी, सकाळची प्रार्थना सोडली का तुम्ही?"

ती ज्वारी पाखडत होती. पाखडतच म्हणाली, "मी त्याच्याच पायाशी गेलते, मास्तरीणबाई. दुसरीकडं कुटं न्हाय. त्यानं हात पुढं करून एवडं डोकं वर धरायचं व्हतं. तेवडंच."

मी सुपातले खडे वेचू लागले.

मग डावा डोळाही जाऊ लागला. १९३३ च्या दिवाळीपर्यंत तिला धागा दिसेनासा झाला. ती बोटाने चाचपून गाठ मारी. कांड्या मागे पडत. खात्यातल्या बायकांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीने, महादेवीने, तिला सांगितले की नाताळापर्यंत सांभाळून घेते, पुढे माझ्या हातात नाही. डॉक्टर चिंतामणींनी डोळा पाहून सांगितले की मोतीबिंदू पिकला आहे, आता काढला तर दिसेल, फार उशीर करू नका. मावशी म्हणाली, "न्हाय."

"का? भीती वाटते?"

"तुमच्या सुरीची न्हाय वाटत, डॉक्टरसाहेब. माज्या गुडघ्यांची वाटती." आणि मग तिने विचारले, "मला खाटंला बांधता का? दोरीनं?"

डॉक्टर म्हणाले, "बांधलेला माणूस झोपेत ओढाताण करतो. ते जास्त वाईट. दोरीचं काम नाही हे."

मावशी घरी आली. डिसेंबरात रावजी आला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि या खेपेला "चल की" असे म्हटले नाही. तो म्हणाला, "संक्रांत झाली की मी गाडी घिऊन येतो, काकी. घरात एक कोपरा सारवून ठेवलाय." तो मनाचा चांगला होता. त्याच्या बोलण्यात उपकाराची भाषा नव्हती. मावशी म्हणाली, "बरं." रावजीला तिने कधी बरं म्हटलेले मी ऐकले नव्हते.

दर बुधवारी दुपारी आमच्या खोलीत बायकांची प्रार्थनासभा भरे. सुट्टी असलेल्या, आजारी, म्हाताऱ्या, अशा सात-आठ जणी येत. ३ जानेवारी १९३४ च्या बुधवारी मी शुभवर्तमानातली त्या पांगळ्या माणसाची गोष्ट वाचली. घरात इतकी गर्दी की दारातून आत जाता येईना, म्हणून चार जणांनी त्याला बाजेसकट छपरावर नेले, छप्पर उसकटले आणि बाज दोऱ्यांनी खाली येशूसमोर सोडली. ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. नागम्मा सुद्धा ऐकत बसली होती. ती पलीकडच्या गल्लीतली, तेलुगू विणकरांच्या घरची. आमच्या धर्माची नव्हे, पण मावशीची वीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिला आमची गीते आवडत आणि चहाही आवडे.

मी वाचून थांबले. आता प्रार्थना करायची म्हणून बायका गुडघ्यांवर येऊ लागल्या. मावशी बसूनच राहिली. म्हणाली, "मास्तरीणबाई, परत वाचा."

"कुठून?"

"बाज खाली आली तितनं."

मी परत वाचले. बाज खाली आली. येशूने त्यांचा विश्वास पाहिला आणि तो त्या माणसाशी बोलला.

"तो मानूस पाया कुटं पडला?" मावशी म्हणाली.

"कोण?"

"तो पांगळा. वाचा की. गुडघं टेकलं असं लिवलंय का?"

मी पाहिले. लिहिलेले नव्हते.

"न्हाय लिवलेलं," मावशी म्हणाली. "म्हंजे बाजंवरच व्हता. उताना. वर बगत. आन तरी त्याच्याशी बोलला देव." ती बायकांकडे वळली. तिला आमचे चेहरे दिसत नव्हते, नुसत्या आकृत्या दिसत असाव्यात. "तो उताना पडलेल्या मानसाशी बोलला गं! मला पस्तीस वर्षं वाटतंय, गुडघं टेकल्याबिगर त्याला आयकू जात न्हाय."

बजाबाई दाराशी बसली होती. तिला त्या दिवशी ताप होता म्हणून कामावर गेली नव्हती. ती म्हणाली, "अगं पन शेवटी तो बाज उचलून चालायला लागला. तू तसलं कायतरी करशील, आन दुसरा डोळा बी घालवशील."

सगळ्यांनी बजाबाईकडे पाहिले. मग मावशीच हसली. दोन वर्षांत ती इतक्या मोकळेपणाने हसली नव्हती. "बाज न्हाय उचलत, बजे. दवाखान्याची हाय ती."

त्याच दिवशी तिने ठरवले. मला म्हणाली, "त्याला धरायला चार मानसं व्हती. मला पन लागतील. पहाटं भोंगा झाला की माज्या गुडघ्यांवर हात ठिवायला. दोरी नगो, हात पाहिजे. तुमी, नागम्मा..."

"मी येतो, सारजाक्का," नागम्मा म्हणाली. तिच्या मराठीत बाई आणि बुवा एकच असत.

"तीन कोपरं तरी पाहिजेत. चौथा मी धरते."

तिसरा कोपरा अजून रिकामा होता. बजाबाई पदराशी चाळा करत बसली होती. शेवटी म्हणाली, "मी धरते. पन मला प्रार्थना-बिर्थना म्हनायला लावू नगा. माजी जीभ तसली न्हाय." आणि थोडे थांबून, मावशीकडे न पाहता, "नळावर मी लई बोलले व्हते."

"व्हय," मावशी म्हणाली. "आता गुडघा धर म्हंजे झालं."

मी रावजीला कार्ड टाकले की संक्रांतीला येऊ नको, काकींच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले आहे, पुढचे कळवते.

गुरुवारी, १८ जानेवारीला, डॉक्टर चिंतामणींनी डावा डोळा केला. जाताना मावशी फार घाबरलेली होती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे चाळीतल्या लोकांनी ती हसत हसत गेली असे सांगायला सुरुवात केली. ती हसत गेली नाही. टेबलावर निजायच्या आधी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "हा पन गेला, तर मी रावज्याच्या कोपऱ्यात मरंस्तोवर अंधारात. कळतंय ना तुमाला?" मी म्हटले, कळते. "मग चला," ती म्हणाली आणि स्वतःच पुढे झाली.

ऑपरेशननंतर पुन्हा तेच. पट्टी, वाळूच्या पिशव्या, उताणे पडणे, चमच्याने पेज. दुसऱ्या जेवणालाच तिने चटणी मागितली. मी म्हटले, ठसका लागेल. ती म्हणाली, "मग नुसता वास तरी द्या."

शुक्रवारी पहाटे मी होते. भोंगा व्हायच्या आधीच मी दोन्ही हात तिच्या गुडघ्यांवर दाबून बसले. भोंगा सुरू झाला आणि माझ्या हातांखाली ते गुडघे अक्षरशः उसळले, जाळ्यातल्या माशासारखे. मी सगळे वजन टाकले. "मावशी, उताण्या आहात. उताण्या आहात." ती जागी झाली. घाम फुटला होता. शनिवारी बजाबाई होती. तिने मला नंतर सांगितले, "म्हशीचं पाय धरल्यासारकं धरलं बया, तवा ऱ्हायली." रविवारी नागम्मा बसली, पण रविवारी गिरणीला सुट्टी, त्यामुळे भोंगा झालाच नाही. मावशी सात वाजेपर्यंत झोपली. नागम्माने तिला हळू आवाजात आपल्या भाषेतले काहीतरी म्हणून दाखवले. काय ते मावशीला कळले नाही, पण बरे वाटले.

चूक झाली ती माझी. सोमवारी पुन्हा माझी पाळी होती. आदल्या दिवशी भोंगा झाला नव्हता आणि तो माझ्या मनातून जणू निघूनच गेला होता. पहाटे मावशीने पाणी मागितले. मडक्यातले पाणी फार गार होते. गार पाण्याने खोकला येईल म्हणून मी ते कोमट करायला तांब्या घेऊन व्हरांड्यातल्या शेगडीकडे गेले. शेगडी फुंकत होते आणि भोंगा झाला.

तांब्या तिथेच टाकून मी धावले. वीस पावलांची वाट. दारात पोहोचले तेव्हा भोंगा अजून चालू होता. मावशीचे गुडघे वर आले होते, चादरीचा तंबू झाला होता, टाचा गादीत रुतल्या होत्या. दोन्ही हातांनी तिने खाटेच्या कडा घट्ट धरल्या होत्या. पण डोके दोन पिशव्यांच्या मध्ये होते. तसूभर हलले नव्हते.

मी जागच्या जागी थांबले. हात लावला तर ती दचकेल, ही भीती.

ती बोलत होती. मोठ्याने. "न्हाय उठत. हितंच हाय मी. बाजंवरच हाय. हितनंच बोलते." दम घेतला. "तुला आयकू येतंय, मला ठावं हाय."

भोंगा थांबला. चादरीचा तंबू हळूहळू खाली आला, आधी एक गुडघा, मग दुसरा. आणि मग तिने रोजची प्रार्थना सुरू केली. दोन वर्षांत मी ती ऐकली नव्हती. त्यात सगळे होते. आप्पाचा आत्मा, रावजी आणि त्याची बायको, कांड्या खात्यातल्या बायका, डॉक्टरांचे हात, पाऊस, मी. पट्टीखाली डोळे असतील तसे आणि तोंड सरळ छपराकडे. शेवटी आमेन म्हणाली आणि विचारले, "कोन हाय तितं?"

"मी आहे, मावशी."

"कवा आलाव?"

"भोंगा चालू असताना. मी बाहेर गेले होते. माझं चुकलं."

"मग माज्या गुडघ्यांवर कोन व्हतं?"

"कोणी नाही."

"कुनीच न्हाय?"

"कुणीच नाही, मावशी. तुम्ही एकट्या होता."

मग तिच्या छातीत काहीतरी हलले आणि ती हसू लागली. आधी हळू, मग पोट हलेपर्यंत. "हसू नका, मावशी!" मी हात जोडले. "डोळा! हसू नका!" ती ओठ दाबून हसत राहिली आणि मी तिच्या दोन्ही गालांना धरून रडत राहिले. परिचारिका आली आणि ती आम्हा दोघींवरही रागावली.

दुपारी पेज भरवताना मावशी म्हणाली, "उजव्या डोळ्याच्या टायमाला मला वाटलं व्हतं, त्यानं बगितलंच न्हाय. आता वाटतं, बगत व्हता. उटू नगो म्हनत आसंल. पन माज्या सवयीचाच आवाज लई मोटा, त्याचं काय आयकनार?" तिने चमचा तोंडात घेतला. गिळून म्हणाली, "मीट कमी हाय."

पट्टी सोडली ती सोमवारी, २९ जानेवारीला, अकराव्या दिवशी. बजाबाई, नागम्मा आणि मी तिघीही व्हरांड्यात होतो. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावले. खिडकीवर पडदा ओढला होता. त्यांनी पट्टी सोडली, डोळा पुसला आणि एक जाड काच तिच्या डोळ्यासमोर धरली.

"किती बोटं?"

मावशी बराच वेळ बघत राहिली. बजाबाईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळे वळ होते.

"तीन," मावशी म्हणाली. "आन नखं कापा, डॉक्टरसाहेब. एवडं मोटं डॉक्टर तुमी."

डॉक्टर चिंतामणी कधी हसत नसत. त्यांनी मान फिरवली आणि ते खिडकीचा पडदा नीट करू लागले.

मग काच आमच्याकडे वळली. "नागम्मा, लुगडं नवं हाय की!"

"जुनाच हाय, सारजाक्का. तू बगितला न्हाय दोन वर्सं."

"आन ही काळी कोन? बजी व्हय? किती वाळलीस गं!"

"तुज्या काळजीनं," बजाबाई म्हणाली, आणि मग तिला स्वतःचेच शब्द सहन न होऊन ती बाहेर निघून गेली.

डॉक्टरांनी ताकीद दिली की तीन महिने वाकायचे नाही, जड उचलायचे नाही. पहाटेच्या भोंग्याला मावशी आता उताणीच पडून प्रार्थना करी. चर्चमध्ये सगळ्या गुडघ्यांवर येत, तेव्हा मावशी ताठ बसे. एका नव्या बाईने विचारले की ही का टेकत नाही. मावशीनेच उत्तर दिले, "मला सूट हाय. वरनं." त्या बाईला ते खरे वाटले असावे, कारण पुढे ती मावशीशी फार अदबीने वागू लागली.

जाड काचांचा चष्मा मार्चच्या सुरुवातीला आला. महादेवी नायकिणीने एक कांडी तिच्यासमोर फिरवून पाहिली आणि एप्रिलपासून कामावर ये म्हणून सांगितले.

रविवारी, ११ मार्चला, रावजी आला. माझे दुसरे कार्ड त्याला मिळाले होते, पण त्यात मी फक्त ऑपरेशन झाले एवढेच लिहिले होते. त्याने वाईटच गृहीत धरलेले. बैलगाडीत गवत अंथरून वर वाकळ घातली होती, आजारी माणसाला न्यायला घालतात तशी. चाळीसमोर गाडी थांबली, तेव्हा मावशी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिने चष्म्यातून वर पाहिले.

"रावज्या, तुज्या डोक्यात केवडं पांडरं झालंय रे! कवा झालं?"

रावजी गाडीच्या जुवाशीच उभा राहिला. "काकी, दिसतंय तुला?"

"दिसतंय म्हनून तर सांगते. तेल लाव जरा. आन ते पोतं कसलं?"

"ज्वारी हाय. नवी. तुला न्यायला आलो व्हतो..."

"मग ज्वारी उतरव," मावशी म्हणाली, "आन गाडी रिकामी ने."

त्याने ज्वारीचे पोते उतरवले आणि आत ठेवले. मावशीने त्याला जेवायला वाढले, डाळ, भाकरी आणि चटणी. जेवताना तो अधूनमधून तिच्या तोंडाकडे बघे. त्याला अजून खरे वाटत नसावे. निघताना तो दारात घुटमळला. "काकी, तो कोपरा सारवून ठेवलाय. माजी बायकू इचारती, कवा येनार म्हनून."

"तितं कणगी ठिवा," मावशी म्हणाली. "बायकूला सांग, दिवाळीला येते. चार दिस. पावनी म्हनून."

गाडी निघाली. गल्लीच्या टोकाला चिंचेचे झाड होते, तिथे रस्ता वळतो. मावशी ओट्याच्या पायरीवर उभी होती, एक हात कपाळावर, चष्मा उन्हात चमकत होता. गाडी चिंचेपर्यंत गेली, वळली, आणि वाकळीचा लाल काठ भिंतीआड गेला. ती तरीही उभी होती. तिला एवढ्या लांबचे दिसते की नाही, म्हणून मी विचारले, "काय बघताय, मावशी?"

"बैलाच्या एकाच शिंगाला घुंगरू हाय," ती म्हणाली. "दुसऱ्याला बसवायला सांगायला पायजे व्हतं."